तीन सायडिंगं, आठ वाघिणी आणि कुर्डुवाडीची माती

सायडिंगवाला | शनिवार, रात्री ११:१०

मंडळी, मागे छंदांच्या धाग्यात 'मी रेल्वेचं मॉडेल करतोय' एवढंच एक वाक्य टाकलं होतं, तर चार जणांचे व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले. म्हणून हा वेगळा धागा. फोटो अजून चढत नाहीयेत, प्रतिसादांत टाकीन. मजकूर लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधीच सांगून टाकतो, माझी गाडी गोल फिरत नाही. घरी येणारा प्रत्येक पाहुणा हेच विचारतो आणि हिरमुसतो. लहानपणी मला चावीची आगगाडी मिळाली होती, ती गोल फिरायची आणि पाचव्या फेरीला मी उठून जायचो. पन्नाशीला टेकल्यावर तेच पुन्हा कशाला करायचं? माझं जे आहे ते चार फूट बाय एक फूट फळीवरचं मालधक्क्याचं यार्ड. पुस्तकांच्या कपाटावर मावतं. इंजिन पुढे जातं, मागे येतं, वाघिणी (मालगाडीचे डबे) जोडतं, सोडतं. बस्स. दीड वर्ष झालं, अजून कंटाळलो नाही.

यार्ड कुर्डुवाडीचं. हुबेहूब नाही हां, कुर्डुवाडीत असा एखादा कोपरा असू शकला असता, असं. आजोळ माढ्याचं, त्यामुळे बार्शी लाइटचं नाव कानावरून कायम जायचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने १८९७ साली बार्शी रोड (म्हणजेच आजचं कुर्डुवाडी) ते बार्शी अशी अडीच फुटी लाइन चालू केली. ती १९०६ ला पंढरपूरला, १९११ ला लातूरला आणि १९२७ ला मिरजेला पोचली. १९५४ मध्ये सरकारने घेतली. पुढे २००० नंतर टप्प्याटप्प्याने सगळी ब्रॉडगेज झाली. कॅलथ्रॉपचं डोकं असं की इंजिन असो नाहीतर वाघीण, एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. म्हणजे रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात, खर्च आटोक्यात राहतो. (अवांतर: याच गृहस्थांनी पुढे विमानातून उडी मारायची हवाई छत्रीही बनवली. माणूस एकूण उचापती.)

आता मापाचं. या छंदात सगळ्यात जास्त खपतं ते एचओ माप, म्हणजे १:८७. खरी वस्तू ८७ पट लहान केलेली. त्याहून लहान एन माप, १:१६०, त्याच्या रुळांतलं अंतर ९ मिमी. बार्शी लाइटचा गेज, म्हणजे रुळांतलं अंतर, ७६२ मिमी. भागिले ८७ केलं की येतात ८.७६ मिमी. म्हणजे एन मापाचे तयार रूळ घ्यायचे आणि त्यांवर एचओ मापाच्या गाड्या, माणसं, झाडं ठेवायची. पाव मिलिमीटरचा फरक मी सोडून दिला. ज्यांना तो दिसतो त्यांना माझा नमस्कार.

इंजिनाखाली एन मापाच्या एका छोट्या शंटिंग डिझेलची (यार्डात वाघिणी हलवणाऱ्या इंजिनाची) चासी, म्हणजे चाकं-मोटारीचा सांगाडा आहे, वरचं अंग थ्रीडी छापून घेतलंय. वाघिणीही तशाच. बार्शी लाइटची वाघीण साधारण २५ फुटी, मॉडेलमध्ये ८७–८८ मिमी भरते. कपलिंग धरून साडेनऊ सेंटिमीटर पकडा.

खेळ कसा आहे

हा माझा शोध नाही. अॅलन राइट नावाच्या इंग्रज छंदिष्टाने 'इंगलनूक सायडिंग्ज' नावाचं एक कोडं बसवलं, जगभर लोक ते खेळतात. दोन सांधे (एका रुळाचे दोन फुटतात त्या जागा), तीन सायडिंगं (वाघिणी उभ्या करायचे बाजूचे रूळ). एकात पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोघांत तीन-तीन. सांध्याच्या अलीकडे जो रुळाचा तुकडा राहतो त्यात इंजिन आणि तीनच वाघिणी मावतात, चौथी नाही. एकूण वाघिणी आठ. आठ चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या, पाच काढायच्या, आणि चिठ्ठ्या ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने त्या पाच वाघिणींची गाडी लांब सायडिंगात लावायची.

ऐकायला बालिश वाटतं. करून बघा. आठातून पाच, क्रमाने, म्हणजे ८ × ७ × ६ × ५ × ४. एकूण ६७२० गाड्या. रोज एक लावली तरी अठरा वर्षं पुरेल. चिठ्ठ्या आमच्या मातोश्री काढतात, वेलदोड्याच्या रिकाम्या डब्यातून. काढताना मोठ्याने वाचतात, "सरकी... रॉकेल... शेंगदाणा..." आणि मग खुर्ची ओढून बसतात, मी किती वेळा अडकतो ते मोजायला.

माती

इथे माझी फजिती झाली, ती सविस्तर सांगतो, म्हणजे तुमची होणार नाही.

जमीन दाखवायला तयार पावडरी मिळतात. मी म्हटलं, कुर्डुवाडीचं यार्ड आहे तर मातीही तिकडचीच हवी. मामाकडून जाताना पिशवीभर आणली. उन्हात वाळवली, वरवंट्याने फोडली, आधी पिठाच्या चाळणीने आणि मग मलमलच्या फडक्यातून गाळली. रंग असा आला की विचारू नका. विकतच्या कुठल्याच पावडरीला तो राखाडी-तपकिरी येत नाही. रुळांच्या मधे, कडेला पसरली, वर फेव्हिकॉलचं पाणी (अर्धं फेव्हिकॉल, अर्धं पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, नाहीतर पाणी मातीवर गोळ्यांसारखं घरंगळतं) ड्रॉपरने सोडलं. दोन दिवसांत दगडासारखी बसली. मी खूश.

तिसऱ्या आठवड्यात इंजिन कण्हायला लागलं. मग चालता चालता थांबायला लागलं. मग बंदच. उघडून बघतो तर मोटारीच्या चुंबकाला काळ्या मिशा फुटलेल्या! दातेरी चाकांत तेच काळं. आपली काळी माती बसाल्टची, त्यात लोहाचे चुंबकाला चिकटणारे कण असतात. जे नीट चिकटले नव्हते ते इंजिनाने जाता-येता वर ओढून घेतले. शाळेत चुंबक मातीत फिरवून मिशा काढायचो तेव्हा केवढी गंमत वाटायची!

इंजिन सुईने आणि जुन्या टूथब्रशने साफ केलं, दोन रविवार गेले. आता नियम असा: माती गाळली की जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत चुंबक घालून तिच्यावरून फिरवायचा, पिशवी उलटी करून कण झटकायचे, पुन्हा फिरवायचा. मिशा येणं थांबेपर्यंत. माझे सात फेरे झाले.

मळवणं

इंग्रजीत 'वेदरिंग' म्हणतात. मी मळवणं म्हणतो. कारखान्यातून आल्यासारखी चकचकीत वाघीण ठेवली की सगळं खेळणं दिसतं. पण मळवायचंही एक व्यसन आहे. पहिल्या वाघिणीला मी इतका गंज लावला की ती समुद्रातून वर काढल्यासारखी दिसत होती. सोलापूर जिल्ह्यात पाऊस किती पडतो राव! तिकडे गाडीला गंज कमी, ऊन आणि धूळ जास्त. म्हणून आता असं करतो: मूळ तांबड्या रंगात थोडा पांढरा आणि चिमूटभर पिवळा घालून छपराला आणि वरच्या फळ्यांना हात मारतो, ऊन खाऊन विटल्यासारखं दिसतं. मग अगदी पातळ तपकिरी-काळं पाणी, ते फटींत उतरतं. शेवटी खडूची पूड मऊ कुंचल्याने. खाली, चाकांजवळ, मुरमाच्या रंगाची, आणि जसजसं वर जाल तसतशी विरळ. आसाच्या पेटीखाली तेलाचा एक काळपट ठिपका. एवढंच.

दोन सूचना. खडूची पूड लावून वर मॅट वार्निश मारलं की निम्मी पूड गायब होते, तेव्हा आधीच थोडी जास्त लावा. आणि मॅट वार्निशवर अल्कोहोलमधला शाईचा वॉश देऊ नका. माझ्या एका वाघिणीवर पांढरी बुरशी आल्यासारखं झालं, ती आता चुन्याची वाघीण म्हणून चालवतोय.

आठही वाघिणी सारख्या मळवू नका. एक नुकती रंगवून आलेली, दोन मध्यम, एक अगदी कामातून गेलेली. नाहीतर शाळेच्या गणवेशासारखं दिसतं.

---

शेपूची_भाजी | शनिवार, रात्री ११:४२

वाखुसा (वाचनखूण साठवली). फोटो???

---

तिरकस | रविवार, सकाळी ८:०५

लेख आवडला, पण चार फुटांत आठ गाड्या पुढेमागे करून हवी ती बाहेर काढायची हा खेळ आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज सकाळी फुकटात चालतो. चिठ्ठ्याही लागत नाहीत, वॉचमन ओरडतो.

---

सायडिंगवाला | रविवार, सकाळी ९:३०

तिरकसराव, तुमच्या पार्किंगमध्ये पाच-तीन-तीन जागा असतील तर कळवा, मी बघायला येतो.

---

हिरवा_बावटा | रविवार, दुपारी १:१५

सायडिंगवाले साहेब, नमस्कार. मी मालगाडीचा गार्ड म्हणून निवृत्त झालो. नॅरोगेजवर काम केलेलं नाही, पण शंटिंग आयुष्यभर पाहिलं. तुमचा धागा नातवाने वाचून दाखवला. छान आहे. काही गोष्टी सांगतो, राग मानू नये.

पहिली गोष्ट, वेग. शंटिंगचा वेग ताशी १५ किलोमीटरच्या वर जायचा नाही, हा नियम आहे. स्फोटकं वगैरे असतील तर त्याहून कमी. तुमचं इंजिन त्या फळीवर किती सेकंदांत जातं ते घड्याळ लावून बघा. मला वाटतं तुम्ही पळवत असणार. सगळेच पळवतात.

दुसरी, क्रम. तुम्ही म्हणता चिठ्ठी येईल तसा क्रम. खेळाला ठीक. पण आम्ही क्रम लावायचो त्याला कारण असायचं. पहिल्या स्टेशनला जी वाघीण सोडायची ती इंजिनाला लागून. म्हणजे तिथे पोचल्यावर इंजिन तेवढीच घेऊन सायडिंगात ठेवून येतं, बाकीची गाडी जागेवर. कुर्डुवाडीहून निघालात तर आधी मोडनिंब, मग आष्टी, मग पंढरपूर, सांगोला. मोडनिंबची वाघीण शेवटी लावली तर मोडनिंबला पोचल्यावर स्टेशन मास्तर तुमच्या नावाने काय बोलेल ते इथे लिहिता येणार नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ब्रेकव्हॅन कुठाय? गार्ड बसणार कुठे?

---

सायडिंगवाला | रविवार, रात्री १०:२०

काका, राग कसला! घड्याळ लावलं. लाज वाटली. १२२ सेंटिमीटर मी नऊ सेकंदांत काढत होतो. गुणिले ८७ करून हिशेब मांडला तर ताशी ४२ किलोमीटर! यार्डात!

१५ किलोमीटरचा वेग १:८७ ला सेकंदाला ४.८ सेंटिमीटर होतो, म्हणजे पूर्ण फळीला २५ सेकंद लागायला हवेत. आज संध्याकाळी तसं चालवून बघितलं. पहिली पाच मिनिटं झोप येते की काय असं वाटलं. मग काहीतरी बदललं. वाघीण जोडायला इंजिन सरकतंय, सरकतंय, आणि कपलिंग लागायच्या आधी मी श्वास रोखून बसलोय. आई म्हणाली, "आता खरं वाटतंय." आधी काय वाटत होतं ते विचारलं नाही.

मात्र हळू चालवल्यावर एक नवं दुखणं निघालं. वेगात असताना कळत नव्हतं, पण सांध्यावर इंजिन मधेच थांबतं. बोटाने ढकलावं लागतं. कुणाला उपाय माहीत आहे का?

क्रमाचं पटलं. चिठ्ठ्यांवर आता मालाच्या जोडीला स्टेशनही लिहितो.

ब्रेकव्हॅनबद्दल... ती फळीच्या बाहेर, फलाटावर उभी आहे असं मानलंय.

---

हिरवा_बावटा | रविवार, रात्री १०:३१

मानलंय म्हणजे काय?

---

ठाणेकरीण | सोमवार, सकाळी ७:५०

सांध्याच्या दुखण्याचं सांगते, मी याच खड्ड्यातून गेले आहे. सांध्यात जिथे दोन रूळ एकमेकांना कापतात ते क्रॉसिंग तुमच्याकडे प्लॅस्टिकचं असणार. प्लॅस्टिकमधून वीज कुठून येणार? लांब इंजिनाला फरक पडत नाही, त्याची बाकीची चाकं धातूच्या रुळावर असतात. तुमचं बुटकं इंजिन नेमकं त्या तुकड्यावर उपाशी राहतं. वेगात होतं तेव्हा ते घसरत पलीकडे जायचं, म्हणून कळलं नाही.

उपाय असा की धातूचं क्रॉसिंग असलेला सांधा घ्या आणि सांधा जिकडे वळेल त्याप्रमाणे क्रॉसिंगची वीजही बदलेल अशी छोटी कळ खाली लावा. सांधा ओढायच्या तारेलाच ती जोडता येते. हे केलं नाही तर शॉर्ट होईल. इंजिनात जागा असेल तर थोडी वीज साठवणारा एक कपॅसिटर बसवणं हाही उपाय आहे, पण तुमच्या चासीत मुंगी शिरायला जागा नसेल. आणि चाकं पुसा हो! रुळ सगळे पुसतात, चाकं कुणी पुसत नाही. कागदी रुमालावर आयसोप्रोपिल अल्कोहोल टाकून तो रुळावर आडवा ठेवायचा, इंजिनाचं एक टोक त्यावर, दुसरं टोक रुळावर, आणि चालू करायचं. दोन काळ्या रेघा उमटतात त्या बघून घाबरू नका.

आता माझं रडगाणं. मला ब्रॉडगेजच हवं होतं, लांब पल्ल्याची गाडी, चोवीस डब्यांची. हिशेब केला. आपला जुना निळा आयसीएफ डबा साधारण २१.३ मीटर, १:८७ ला साडेचोवीस सेंटिमीटर. चोवीस डबे म्हणजे जवळपास सहा मीटर, इंजिन वेगळं. आमच्या हॉलपेक्षा गाडी लांब. नवरा म्हणाला, स्वयंपाकघरातून बाल्कनीपर्यंत जाऊ दे, इंजिन पोचलं तरी गार्डाचा डबा अजून गॅसजवळ. शेवटी पाच डब्यांवर भागवलं.

आणि गेजची बोच आहेच. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी, ८७ ने भागला की १९.३ मिमी यायला हवा. बाजारात एचओचे रूळ १६.५ चे, कारण ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिमी गेजसाठी आहेत. समोरून बघितलं की आपला डबा पाय जोडून उभा राहिलेल्या माणसासारखा दिसतो. म्हणून मी समोरून फोटोच काढत नाही.

---

कोथरूडचा_पम्या | सोमवार, सकाळी ११:००

पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासून. भाऊ जोशींनी उभारलेलं. शाळेची सहल गेली होती. दिवे मालवून रात्रीचा देखावा दाखवला तेव्हा वर्गातला सगळ्यात दंगेखोर मुलगाही गप्प बसला होता. तो मी. +१ धाग्याला.

---

एल्बेकाठी | सोमवार, दुपारी ४:२५ (इकडची सकाळ सरून दुपार होतेय)

हॅम्बुर्गला राहते. इथलं मिनियाटूर वुंडरलांड, मॉडेल रेल्वेचं भलंमोठं प्रदर्शन, ऐकलं असेल. २००१ मध्ये ब्राउन बंधूंनी चालू केलं, एचओ मापात, मजलेच्या मजले. भारतातून कुणी आलं की मला तिथे न्यावंच लागतं, त्यामुळे किती वेळा गेले ते मोजणं सोडलं. विमानतळ आहे, विमानं खरंच उडाल्यासारखी वर जातात. थक्क व्हायला होतं.

पण खरं सांगू का, तिसऱ्या फेरीनंतर मी गाड्या बघणं सोडून दिलं आणि कोपऱ्यांत बघायला लागले. कुठे कुणी कुंपणाआड लघवीला उभाय, कुठे गाय चुकीच्या कळपात आहे. लोक तेच बघत रेंगाळतात. सायडिंगवाले, तुमच्या यार्डात माणसं किती? हमाल आहेत का? बिडी ओढणारा कुणी?

---

सायडिंगवाला | सोमवार, रात्री ११:०५

ठाणेकरीण ताई, दंडवत. चाकं पुसली. काळ्या रेघा नाही, काजळाच्या कांड्या निघाल्या. निम्मं दुखणं तिथेच गेलं. धातूचा सांधा मागवतो.

एल्बेकाठी, माणसं पाच. दोन हमाल पोती वाहतायत (पोती म्हणजे साबुदाणे फेव्हिकॉलात बुडवून सुकवलेले, जवळून बघू नका). एक कारकून वही घेऊन. एक सांधेवाला खटक्याजवळ. पाचवा झाडाखाली झोपलाय, आई म्हणते तो मी. खरंतर कुर्डुवाडीचं यार्ड म्हणजे हमालांचंच गाव. ब्रॉडगेजची वाघीण एका बाजूला, बार्शी लाइटची दुसऱ्या बाजूला, आणि गेज वेगळा म्हणून सगळा माल माणसांच्या पाठीवरून इकडून तिकडे. मागच्या कडेला ब्रॉडगेजची एक वाघीण अर्धी कापून भिंतीला चिकटवलीय, तेवढाच भास.

---

तिरकस | मंगळवार, सकाळी ८:१२

एक प्रामाणिक प्रश्न, टोमणा नाही. एकूण खर्च किती?

---

सायडिंगवाला | मंगळवार, सकाळी ९:००

प्रामाणिक उत्तर, बायको हा धागा वाचत नाही या भरवशावर. इंजिनाची जुनी चासी आणि छपाई मिळून साडेआठ हजार. दोन सांधे आणि रूळ साडेपाच हजार. वाघिणी आठ, साधारण सात हजार. कंट्रोलर जुना, मित्राने दिला. प्लायवुड सुताराकडचं उरलेलं. माती मामाची. बाहेरून मागवलेल्या एका पार्सलवर वस्तूच्या निम्म्याएवढी जकात भरली, तो आकडा मी स्वतःपासूनही लपवून ठेवलाय.

---

तिरकस | मंगळवार, सकाळी ९:०४

माझ्या मोबाइलपेक्षा कमी आहे. गप्प बसतो.

---

मडगांवकर | मंगळवार, दुपारी ३:४०

मी मीटरगेजवाला. आमची मुरगाव–कॅसलरॉक लाइन पोर्तुगीज काळातली, नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज होईपर्यंत मीटरगेजच होती. १००० भागिले ८७ म्हणजे साडेअकरा मिमी, त्यामुळे मी १२ मिमीचे रूळ वापरतो. स्विस डोंगरी गाड्यांच्या मॉडेलवाल्यांमुळे ते मिळतात. दूधसागरचा पूल करायला घेतलाय, चार वर्षं झाली, तीन कमानी झाल्या. हसू नका.

तुम्हा देशावरच्या लोकांना धुळीचा त्रास, आम्हाला दमटपणाचा. जून ते सप्टेंबर रुळांवर रोज काळपट थर. लाकडी चौकट फुगते आणि दोन फळ्यांच्या सांध्यावर रूळ उचलतात. पहिल्या पावसाळ्यात मला वाटलं मोजमाप चुकलं, उखडून पुन्हा बसवले, मग हिवाळ्यात तिथेच फट पडली. आता मरीन प्लाय वापरतो, सगळ्या बाजूंनी, खालूनसुद्धा, वार्निश मारून. आणि रुळांच्या जोडात थोडी फट मुद्दाम सोडतो. खऱ्या रेल्वेने सोडली ती काय वेडी म्हणून?

माती आमची तांबडी, जांभ्याची. चुंबकाचं वाचून दचकलो. मी तर सरळ चाळून टाकली आहे.

---

सायडिंगवाला | मंगळवार, रात्री ९:१५

आत्ताच्या आत्ता चुंबक फिरवा.

---

मडगांवकर | मंगळवार, रात्री ९:५०

फिरवला. मिशा नाही, पण हनुवटीवर खुंट आलेत. उद्या रजा काढतो.

---

हिरवा_बावटा | बुधवार, दुपारी १२:३०

सगळ्यांचं झालं असेल तर ब्रेकव्हॅनकडे येऊ या.

---

सायडिंगवाला | बुधवार, रात्री १०:४५

काका, अडचण समजून घ्या. पाचची सायडिंग पाचचीच आहे. ब्रेकव्हॅन शेवटी लावायची म्हणजे पाचव्या जागेवर कायम ती. मग माल चारच वाघिणींचा.

---

ठाणेकरीण | बुधवार, रात्री ११:०२

आणि आठातली एक व्हॅन झाली म्हणजे वाघिणी उरल्या सात. सातातून चार, क्रमाने, ७ × ६ × ५ × ४. ८४० च गाड्या. ६७२० वरून ८४०! काकांनी तुमच्या आयुष्यातली सोळा वर्षं खाल्ली.

---

हिरवा_बावटा | गुरुवार, सकाळी ६:२०

ताई, मालगाडीच्या शेवटी गार्ड नसला तर मधे कपलिंग तुटून मागच्या वाघिणी राहून गेल्या हे ड्रायव्हरला कोण सांगणार? पूर्ण गाडी गेली का नाही ते स्टेशन मास्तर कशावरून ओळखणार? शेवटच्या डब्याची खूण बघून. ती खूण नसेल तर मागचा ब्लॉक (मागच्या स्टेशनापर्यंतचा रूळ) मोकळा झाला असं तो म्हणू शकत नाही, म्हणजे पुढची गाडी सुटत नाही. तुमच्या ६७२० गाड्यांपैकी एकही मोडनिंबच्या पुढे गेली नसती. ८४० तरी जातील.

---

शेपूची_भाजी | गुरुवार, सकाळी ९:००

काका रॉक्स. (फोटो???)

---

सायडिंगवाला | रविवार, रात्री ११:३०

हरलो. चुन्याची वाघीण, तीच बुरशीवाली, कापली. मागे एक उघडा सज्जा केला, तांब्याच्या तारेचा कठडा वाकवून डागला (पाच वेळा सुटला). आत एक बाकडं. बाकड्यावर गार्ड. त्याच्या हातात हिरवा झेंडा द्यायचा होता, पण १:८७ ला झेंडा म्हणजे तांदळाचा कण, चिमट्यातून उडाला तो गालिच्यात गेला. दुसरा केला.

नवी गाडी आईने काढली: मोडनिंब सरकी, आष्टी रॉकेल, पंढरपूर शेंगदाणा, सांगोला कोळसा, मागे व्हॅन. काकांच्या वेगाने चालवली. चाळीस मिनिटं लागली. आधी दहा-बारा मिनिटांत संपायचं. दोनदा अडकलो, एकदा व्हॅन मधोमध अडकली आणि ती बाहेर काढायला सगळी गाडी सोडावी लागली. ८४० कमी आहेत म्हणणाऱ्यांनी एकदा खेळून बघावं.

आणि हो, अखेर फोटो चढले. चार आहेत, शेवटचा व्हॅनचा.

---

शेपूची_भाजी | रविवार, रात्री ११:३४

आई शप्पथ. पोती खरंच साबुदाण्याची वाटत नाहीत.

---

हिरवा_बावटा | सोमवार, सकाळी ६:१०

फोटो मोठा करून बघितले. व्हॅन उत्तम. गार्ड उभा हवा होता, गाडी सुटताना आम्ही बसत नसू. ते चालेल.

शेपटाचा दिवा कुठाय?